नगरला आल्यावर रोबो मुका का होतो?

दिवाळीच्या नाहीतर उन्हाळ्याच्या सुट्टीत परदेशातून मामा येतो. बॅगेच्या तळाशी, कपड्यांत गुंडाळून आणलेला खोका निघतो. भाचेमंडळी भोवती कोंडाळं करून बसतात आणि रोबो बाहेर येतो. न्यू जर्सीच्या दुकानात तो नाचत होता, नाव घेतलं की मान वळवत होता, गोष्ट सांगत होता. सावेडीतल्या किंवा संगमनेरच्या घरात मात्र त्याचे डोळे नुसते लुकलुकतात. कधी चार्जरमधून जळकट वास येतो, कधी मोबाइलवर गोल चकरी फिरतच राहते, कधी रोबो चालतो पण बोलत नाही. घरातलं कोणीतरी ‘चायना माल’ म्हणून निकाल देऊन टाकतं आणि आठवड्याभरात खोका माळ्यावर जातो.

तो निकाल बहुतेक वेळा चुकीचा असतो. रोबो बिघडलेला नसतो. हातात धरलेलं प्लॅस्टिक म्हणजे त्या खेळण्याचा एक भाग झाला. उरलेला भाग भिंतीतल्या सॉकेटात, घरात फिरणाऱ्या रेडिओलहरींत आणि हजारो किलोमीटरवरच्या कुठल्यातरी संगणकात असतो. बॅगेत भरून आणता येतं ते प्लॅस्टिक. बाकीचं तिथेच राहतं. आज नगर जिल्ह्यातल्या कितीतरी घरांतली मुलं-सुना अमेरिकेत, जर्मनीत, जपानात नोकरीला आहेत आणि भाच्या-पुतण्यांसाठी रोबोची खरेदी तिथे हौसेने होते. म्हणून हे खेळणं कशाकशावर चालतं, ते नीट समजून घेतलेलं बरं.

आधी भिंतीतली वीज

अमेरिकेत घरगुती वीज १२० व्होल्टची, जपानमध्ये १०० व्होल्टची. आपल्याकडे आणि युरोपात ती २३० व्होल्टची. व्होल्ट हे विजेच्या दाबाचं माप. दुसरं माप हर्ट्झचं: घरात येणारी वीज सतत उलटसुलट दिशेने वाहते आणि अशी आवर्तनं सेकंदाला किती होतात ते हर्ट्झमध्ये सांगतात. भारतात ती ५०, अमेरिकेत ६०. जपानात तर एकाच देशात दोन्ही आहेत. १८९०च्या दशकात टोकियोने जर्मन जनित्रं आणली ती ५० हर्ट्झची, ओसाकाने अमेरिकी आणली ती ६० हर्ट्झची. तेव्हा झालेली ही फाळणी आजही फुजी नदीच्या आसपासच्या रेषेवर कायम आहे.

रोबोच्या पोटातल्या मोटारींना आणि चिपला यातलं काहीच नको असतं. त्यांना हवी असते एकाच दिशेने वाहणारी, पाच-नऊ व्होल्टची वीज. भिंत आणि रोबो यांच्यामध्ये उभा असतो तो चार्जर, आणि सगळा खेळ त्याच्यावर अवलंबून असतो.

जुन्या पद्धतीचा चार्जर हातात घेतला की जड लागतो. आत लोखंडी गाभ्यावर तांब्याच्या तारेची दोन वेटोळी असतात आणि त्या दोन्हींतल्या वेढ्यांचं प्रमाण कारखान्यातच ठरलेलं असतं. १२० व्होल्ट आत गेले की ९ व्होल्ट बाहेर, असं ते प्रमाण असेल तर २३० व्होल्ट आत गेल्यावर बाहेर जवळपास दुप्पट येणार. त्याला तिथे थांबता येत नाही, कारण बाहेर किती जातंय हे पाहणारं त्यात कोणीच नसतं. गाभा तापतो, तारेवरचा लेप जळतो आणि तो वास येतो.

नवा चार्जर हलका असतो. तो भिंतीतली वीज आधी एकदिश करून घेतो, मग एक इलेक्ट्रॉनिक स्विच ती सेकंदाला हजारो वेळा तोडतो आणि जोडतो. इतक्या वेगाने तुकडे केल्यामुळे नखाएवढा ट्रान्सफॉर्मरही पुरतो. महत्त्वाचं म्हणजे बाहेर किती व्होल्ट जात आहेत यावर त्याच्यातली चिप सतत नजर ठेवते. भिंतीतला दाब जास्त असेल तर स्विच कमी वेळ जोडलेला ठेवायचा, कमी असेल तर जास्त वेळ. त्यामुळे टोकियोचे १०० व्होल्ट असोत की केडगावचे २३०, रोबोला मिळते ती तितकीच वीज.

चार्जर कुठल्या जातीचा आहे हे त्याच्या पाठीवरच लिहिलेलं असतं. बारीक अक्षरांत ‘इनपुट’ अशी ओळ शोधा. पुढे १००–२४० व्होल्ट आणि ५०/६० हर्ट्झ असं असेल तर निर्धास्त राहा. नुसतं १२० किंवा नुसतं १०० असेल तर तो चार्जर आपल्याकडे लावायचाच नाही. नगरच्या कापडबाजारात थोडक्या पैशांत पिन बदलणारा तुकडा मिळतो आणि बरेच जण तो लावून मोकळे होतात. त्या तुकड्याने बदलतो तो फक्त पिनचा आकार. दाब कमी करणारं त्यात काहीही नसतं. उलट चपटी पिन आपल्या सॉकेटात मुळात शिरत नव्हती ही जी आपोआप राखण होती, ती त्याने निघून जाते.

अशा वेळी इथेच दुसरा चार्जर घेता येतो. जुन्या चार्जरवरच्या ‘आउटपुट’ ओळीत लिहिलेले व्होल्ट तंतोतंत जुळायला हवेत, अँपिअर तेवढेच किंवा जास्त चालतील, आणि रोबोत जाणाऱ्या टोकाच्या मध्यभागी धन आहे की ऋण याची छोटी खूणही जुळायला हवी. यूएसबी केबलवर चार्ज होणारा रोबो असेल तर एवढीही दगदग नाही. साध्या यूएसबीचे पाच व्होल्ट जगभर सारखेच. सेलवर चालणाऱ्या खेळण्यालाही देश नसतो. पेन्सिल सेल ह्यूस्टनमध्येही दीड व्होल्टचा आणि शेवगावातही. फक्त सेल कुठला लागतो ते पाहून घ्यावं. २००४ साली आलेल्या रोबोसेपियन या गाजलेल्या रोबोला टॉर्चचे चार जाडे सेल लागत, आणि ते झपाट्याने संपत.

हवेतले पट्टे

चार्जर ठीक, तरी रिमोट लागत नाही, मोबाइलशी जोडणी होत नाही, ही पुढची तक्रार. इथे गाठ रेडिओलहरींशी असते.

रिमोटवर चालणाऱ्या खेळण्यांसाठी प्रत्येक देशाने लहरींचे काही पट्टे मोकळे ठेवले आहेत. जुनी खेळणी बहुधा २७ मेगाहर्ट्झवर चालत. याशिवाय अमेरिकेत ४९ मेगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा खेळण्यांना मिळाला, युरोपात ४०चा. २७ मेगाहर्ट्झची लहर सुमारे ११ मीटर लांब असते, म्हणून त्या रिमोटांना लांबलचक अँटेना लागायची. दोन भावांनी एकाच पट्ट्यावरची दोन खेळणी आणली तर एकाच रिमोटने दोन्ही हलायची, हे ज्यांनी पाहिलंय त्यांच्या लक्षात असेल.

आताची खेळणी बहुतेक २.४ गिगाहर्ट्झवर आहेत. हा पट्टा जवळपास सगळ्या जगात मोकळा आहे. भारतात त्यासाठी परवाना लागत नाही हे २००५ सालीच ठरलं. इथली लहर फक्त साडेबारा सेंटिमीटरची, म्हणून अँटेना खेळण्याच्या पोटातच मावते. ब्लूटूथही याच पट्ट्यात चालतं. ते पट्ट्याचे ७९ अरुंद भाग करतं आणि सेकंदाला १६०० वेळा एका भागातून दुसऱ्यात उडी मारतं. कुठल्या क्रमाने उडी मारायची ते जोडी जमवतानाच दोन्हीकडे ठरलेलं असतं. म्हणून शेजाऱ्याच्या ब्लूटूथ स्पीकरमुळे आपला रोबो भरकटत नाही.

मग घोळ कुठे होतो? वाय-फायमध्ये. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात वाय-फायला भारतात १ ते १३ क्रमांकाचे चॅनेल वापरता येतात, अमेरिकेत मात्र नेहमीच्या वापरात १ ते ११च. अमेरिकेसाठी बनवलेला रोबो बारावा आणि तेरावा चॅनेल बरेचदा ऐकतच नाही. आपल्या घरचा राउटर आपोआप मोकळा चॅनेल निवडतो, तो तेरावर जाऊन बसला की रोबोच्या लेखी घरात वाय-फायच नाही! राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन चॅनेल १, ६ किंवा ११ केला की तोच रोबो पटकन जोडला जातो. दुसरं कारण त्याहून साधं. पुष्कळ खेळण्यांना ५ गिगाहर्ट्झचं वाय-फाय कळत नाही. दोन्ही पट्टे एकाच नावाने चालत असतील तर २.४चं नाव वेगळं करून द्यावं.

इन्फ्रारेड रिमोटची खेळणी या सगळ्यातून सुटलेली आहेत. टीव्हीच्या रिमोटसारखा न दिसणारा प्रकाश सेकंदाला सुमारे ३८ हजार वेळा लुकलुकवायचा, एवढंच त्यांचं तंत्र. त्याला कुठल्याही देशाचा पट्टा आड येत नाही. फक्त भर दुपारी अंगणात ती चालत नाहीत, कारण उन्हातही तोच अदृश्य प्रकाश भरपूर असतो आणि रिमोटची लुकलुक त्यात बुडून जाते. सावलीत घेतली की चालतात.

मेंदू नेमका कुठे आहे?

या सगळ्या भानगडींवर इलाज आहे. ज्यावर घरबसल्या इलाज नाही, ती गोष्ट आता सांगायची आहे आणि खरेदी करणाऱ्याने सगळ्यात आधी तीच पाहावी असं मला वाटतं.

सोनी कंपनीने १९९९ साली आयबो हा यांत्रिक कुत्रा विकायला काढला. किंमत अडीच लाख येन. जपानसाठी ठेवलेले तीन हजार नग वीस मिनिटांत संपले. २००६ मध्ये कंपनीने उत्पादन थांबवलं, २०१४ मध्ये दुरुस्तीही बंद केली. तरी ते कुत्रे मेले नाहीत. सोनीच्या माजी तंत्रज्ञांनी दुरुस्तीचं काम हाती घेतलं. कायमच्या बंद पडलेल्या आयबोंचे सुटे भाग काढून दुसऱ्यांना बसवले जाऊ लागले, आणि भाग काढण्याआधी चिबा प्रांतातल्या इसुमी गावच्या कोफुकुजी या बौद्ध मंदिरात त्या कुत्र्यांसाठी रीतसर प्रार्थना होऊ लागली. हे शक्य झालं, कारण त्या आयबोचा मेंदू त्याच्या पोटात होता. प्रोग्रॅम एका छोट्या मेमरी कार्डावर आणि चिप अंगातच. कंपनीने पाठ फिरवली तरी कुत्रा शेपूट हलवायचा थांबला नाही.

आता जिबो पाहा. २०१७ साली अमेरिकेत आलेला, टेबलावर बसून मान वळवणारा, घरच्यांशी गप्पा मारणारा हा रोबो. किंमत जवळपास ९०० डॉलर. लवकरच कंपनी गुंडाळली गेली आणि २०१९ मध्ये जिबोने स्वतःच्याच आवाजात मालकांना सांगितलं, की मला चालवणारे सर्व्हर आता बंद होणार आहेत. मोटारी धडधाकट, पडदा धडधाकट, पण बोलणं संपलं. त्याच वर्षी कोझमो आणि व्हेक्टर हे छोटे रोबो बनवणारी अँकी कंपनी बंद पडली. डिसेंबर २०२४ मध्ये पाच ते दहा वर्षांच्या मुलांसाठी बनवलेल्या मॉक्सी या ८०० डॉलरच्या रोबोची पाळी आली. ज्या मुलांनी त्याला मित्र मानलं होतं त्यांना हे कसं सांगायचं, असा प्रश्न तिथल्या आईबापांपुढे उभा राहिला. पुढे घरच्या संगणकावरून मॉक्सी चालवण्याची सोय काढली गेली, पण ती जमवायला घरात कोणी जाणकार हवा.

असं का होतं ते समजायला अशा रोबोशी एक वाक्य बोललं की काय घडतं ते पाहू. रोबोतली छोटी चिप सतत एकाच ध्वनीच्या शोधात असते, त्याच्या नावाच्या. तेवढं काम ती स्वतः करते. नाव ऐकू आलं की पुढचं बोलणं ध्वनिमुद्रित होऊन राउटरमार्फत कंपनीच्या संगणकाकडे, म्हणजे सर्व्हरकडे जातं. तिथे आवाजाचे शब्द होतात, शब्दांचा अर्थ लावला जातो, उत्तर तयार होतं, उत्तराचा आवाज होतो आणि तो परत नगरला येऊन रोबोच्या तोंडून निघतो. इतकं गणित खेळण्याच्या पोटात करायचं तर महाग चिप आणि मोठी बॅटरी लागेल, म्हणून ते बाहेर ठेवतात. कळसूत्री बाहुलीसारखं आहे हे: नाचते ती मंचावर, पण सूत्रं पडद्यामागच्या हातात. फरक एवढाच, की इथे पडदा अमेरिकेत असतो आणि हात कधी निघून जाईल याचा भरवसा नसतो.

मधली एक जातही आहे. कोझमोसारख्या रोबोचा मेंदू मोबाइलमधल्या अ‍ॅपमध्ये असतो. हे सर्व्हरपेक्षा बरं, पण अ‍ॅप इथल्या मोबाइलवर उतरवता आलं पाहिजे. अ‍ॅपची दुकानं देशवार असतात आणि जर्मनीतल्या दुकानात दिसणारं अ‍ॅप भारतात दिसेलच असं नाही. त्यातून मामाने तिथे स्वतःच्या नंबरावर नोंदणी करून दिली, की प्रत्येक वेळी ओटीपी म्युनिकला जाणार आणि आपल्या सकाळी तिथे अजून पहाट असणार.

भाषेचाही प्रश्न इथेच येतो. आवाज ओळखणाऱ्या प्रणालीला ठरावीक भाषांतल्या लाखो ध्वनिमुद्रणांवरून शिकवलेलं असतं. ज्या भाषेची, ज्या ढंगाच्या उच्चारांची मुद्रणं तिला मिळाली नाहीत ती तिला कळत नाही. ‘ए, नाच की जरा!’ म्हणणाऱ्या पोरासमोर रोबो गप्प राहिला तर दोष पोराचा नाही, रोबोच्या शिक्षणाचा आहे. पोराला मात्र तसं वाटत नाही, त्याला आपलंच काहीतरी चुकलं असं वाटतं. पाच-सहा वर्षांच्या, मराठी शाळेत जाणाऱ्या मुलाला इंग्रजी हुकमांचा रोबो देण्याआधी याचा विचार जरूर करावा.

ऐकणारं खेळणं दुसऱ्यालाही ऐकू देतं का?

डिसेंबर २०१६ मध्ये नॉर्वेच्या ग्राहक परिषदेने ‘केयला’ नावाची बाहुली आणि आय-क्यू नावाचा रोबो तपासून जाहीर तक्रार केली. दोन्हींचं ब्लूटूथ कुठल्याही पासवर्डशिवाय जोडलं जात होतं. म्हणजे भिंतीपलीकडचा कोणीही आपला मोबाइल जोडून मुलाचं बोलणं ऐकू शकत होता आणि खेळण्याच्या तोंडून मुलाशी बोलूही शकत होता. फेब्रुवारी २०१७ मध्ये जर्मनीने त्या बाहुलीवर बंदी घातली, लपवलेलं टेहळणीचं साधन या कलमाखाली. ब्लूटूथ जोडताना रोबो कुठलाच अंक किंवा बटण मागत नसेल, तर तो मुलाच्या खोलीत ठेवू नये.

विमान, बॅटरी आणि सीमाशुल्क

रोबोची लिथियम बॅटरी विमानात चालते, मात्र सुटी बॅटरी हातातल्या बॅगेतच हवी. मर्यादा १०० वॅट-तास. व्होल्टला मिलिअँपिअर-तासाने गुणून हजाराने भागलं की वॅट-तास मिळतात. ३.७ व्होल्ट आणि २००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी ७.४ वॅट-तासांची झाली, म्हणजे मर्यादेच्या कितीतरी आत. इथे आल्यावर एप्रिल-मेच्या उन्हात ती गाडीत ठेवू नका आणि तापलेली असताना चार्ज करू नका. साधारण ४५ अंशांच्या वर चार्जिंग केलं की ती कायमची खराब होऊ लागते.

शिर्डीजवळ काकडीला २०१७ पासून विमानतळ आहे, पण परदेशातून येणाऱ्याचं सामान तपासलं जातं ते मुंबईसारख्या आंतरराष्ट्रीय विमानतळावर. प्रवाशाला सोबत आणलेल्या वस्तूंवर एका रकमेपर्यंत शुल्क माफ असतं. २०१६ च्या नियमांत भारतीय प्रवाशांसाठी ती ५० हजार रुपये ठरली होती. ही रक्कम बदलते, म्हणून निघण्याआधी सीमाशुल्क खात्याच्या संकेतस्थळावर चालू आकडा पाहावा. कुरिअरने पाठवणं मात्र महागात पडतं. भेटवस्तू म्हणून शुल्काविना येणाऱ्या पार्सलांची सवलत डिसेंबर २०१९ मध्ये संपली. परदेशी खेळण्यांवरचं मूळ आयातशुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झालं. उडणारा रोबो, म्हणजे ड्रोन, आणूच नये. तयार ड्रोनच्या आयातीवर फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे.

भारतात विकल्या जाणाऱ्या, चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय खूण सक्तीची आहे. परदेशी खोक्यावर ती बहुधा दिसणार नाही, तिथे युरोपची सीई किंवा जपानची एसटी अशी खूण असते. खूण कुठलीही असो, बटणाएवढ्या चपट्या सेलचं झाकण स्क्रूने बंद होतं का, ते हाताने तपासून पाहा. तो सेल गिळला गेला तर काही तासांत अन्ननलिका जळते.

चौकट: दुकानात उभ्या उभ्या

चार्जरवर १००–२४० व्होल्ट लिहिलंय का, की यूएसबी आहे, ते पाहा. खोक्यावर ‘इंटरनेट आवश्यक’ किंवा ‘वर्गणी आवश्यक’ अशी ओळ शोधा. असेल तर तो रोबो कंपनी चालू असेपर्यंतच चालेल असं धरून किंमत ठरवा. नगरला बहिणीला फोन लावा आणि तिच्या मोबाइलवर अ‍ॅप सापडतं का ते तेव्हाच पाहायला सांगा. नोंदणी तिच्याच नावाने, तिच्याच नंबरावर होऊ द्या.

मग घ्यायचं काय?

माझं मत विचाराल तर ज्याचा मेंदू पोटात आहे तेच खेळणं घ्यावं. सेलवर चालणारा, इन्फ्रारेड किंवा स्वतःच्या रिमोटचा साधा रोबो दिसायला कमी हुशार वाटेल, पण पारनेरच्या वाडीवर वीज गेलेली असताना, नेटवर्क नसतानाही तो चालेल. मूल दहा-बारा वर्षांचं असेल तर जुळणीचा संच सगळ्यांत उत्तम. त्यातही आर्डुइनोसारख्या खुल्या बोर्डावर चालणारा संच घ्यावा. इटलीतल्या इव्रेआ गावात २००५ साली जन्मलेल्या या बोर्डाचा आराखडा सगळ्यांसाठी खुला आहे, त्यामुळे मोटार जळली, संवेदक तुटला तर नवा भाग पुण्यात सहज मिळतो. अटल टिंकरिंग लॅब असलेल्या शाळांत असे बोर्ड मुलांच्या हातात असतात, तिथले सर किंवा वरच्या वर्गातला एखादा दादाही मदत करू शकतो.

एक विनंती परदेशातल्या सगळ्या मामा-मावश्यांना, काका-आत्यांना. भेटवस्तूचं पॅकिंग फोडायचं नाही हा आग्रह रोबोपुरता सोडा. खोका तिथेच, दुकान वस्तू परत घेतं त्या मुदतीत उघडा. चार्जरची ओळ वाचा. मग घरचं वाय-फाय बंद करा, मोबाइल विमान-मोडवर टाका आणि रोबो काय काय करतो ते पाहा. नगरच्या घरात तेवढंच नक्की चालणार आहे. तेवढ्यात भाचा खूश होणार असेल तर घेऊन या, नाहीतर पावतीसकट परत करा.